नग आणि माणसं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला तंत्रशाळेत फिटिंग शिकवायचे. पहिलं अख्खं वर्ष कानस. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा आणि त्याची बाजू सपाट होईपर्यंत घासत राहायचं. झाली असं वाटलं की जॉब सरांकडे न्यायचा. सर त्यावर गुण्या उभा धरत आणि काही न बोलता खिडकीकडे वळत. गुण्याची पाती आणि जॉब यांच्या मधून उजेड दिसला की जॉब परत. उजेडाची ती रेघ केसाएवढी असली तरी सरांना दिसायची. आम्हाला नाही दिसायची. मग ते जॉब तसाच धरून आम्हाला शेजारी उभं करत, आणि त्यांनी बोट दाखवल्यावर ती अचानक दिसायला लागायची.

गेली सव्वीस वर्षं मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत तपासणीचे कॅमेरे बसवून देतो. या धंद्याला मशीन व्हिजन म्हणतात. 'यंत्रदृष्टी' हा शब्द चांगला आहे, पण मी तो एकाही कारखान्यात ऐकलेला नाही. तिथे 'कॅमेरा लावलाय' एवढंच म्हणतात. आणि लावलेला असतो तो सरांचा गुण्याच. जॉबच्या मागे दिवा, पुढे कॅमेरा, मधे जॉबची काळीभोर सावली. सावलीच्या कडा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे संगणक ठिपक्यांत मोजतो. सर हे फुकट करायचे. मी काही लाख घेतो. फरक एवढाच की सरांचा जॉब एका तासाला एक यायचा, आणि माझ्या कॅमेऱ्यापुढून सेकंदाला दोन-चार जातात.

या विद्येचा इतिहास सांगायचा मोह आहे, तो दोन गोष्टींत आवरतो. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी पहिल्यांदा एक फोटो संगणकात उतरवला. तो त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा होता आणि १७६ गुणिले १७६ एवढ्याच ठिपक्यांचा होता. पुढे १९६६ साली एमआयटीमध्ये सेमूर पॅपर्ट यांनी एक टिपण काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांकडून संगणकाला 'बघायला' शिकवण्याच्या कामाचा बराचसा भाग उरकून घ्यायचा, असा त्यात बेत होता. त्याला साठ वर्षं होत आली. सुट्टी अजून संपलेली नाही.

का संपत नाही, याचं एक कारण उजेड. माझ्याकडे येणारा नवा इंजिनिअर पहिले सहा महिने कॅमेऱ्याच्या पिक्सेलवर बोलतो आणि नंतर आयुष्यभर दिव्यांवर. माझी आई भांड्यांच्या दुकानात स्टीलचं ताट हातात घेऊन दाराशी यायची आणि ते तिरकं करायची. समोरून नवंकोरं दिसणारं ताट तिरक्या उजेडात आपले सगळे ओरखडे दाखवायचं. आम्ही नेमकं तेच करतो. चकचकीत पृष्ठभागाला अगदी लगटून तिरपा प्रकाश टाकला की सपाट भाग काळा राहतो, कारण तिथला उजेड पलीकडे निघून जातो. ओरखड्याची कड तेवढी उजेड वर फेकते आणि पांढरी रेघ उमटते. साडी घेताना बायका ती ट्यूबलाइटखालून उचलून दारातल्या उन्हात का नेतात, हे ज्याला कळलं त्याला आमचा निम्मा धंदा कळला.

आणि ज्याला कळलं नाही त्याचं काय होतं, तेही सांगतो, कारण तो मीच होतो. सुरुवातीच्या काळात एका छोट्या कारखान्यात मी कॅमेरा लावला. सकाळी सगळं झकास. चौथ्या दिवशी मालकांचा फोन : तुमचं मशीन साडेचारला पिसाळतं. म्हणजे रोज दुपारी साडेचारच्या सुमारास चांगला माल धडाधड लाल खोक्यात. मी प्रोग्रॅम तपासला, वायरी तपासल्या, व्होल्टेज तपासलं. तीन दिवस गेले. शेवटी चहा घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "साहेब, या वेळेला इथे ऊन येतं." पश्चिमेच्या खिडकीतून एक कवडसा थेट जॉबवर पडत होता. त्या दिवशी पुठ्ठ्याचं खोकं कापून मी कॅमेऱ्याला टोपी घातली. आजही माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये 'हूड' अशी एक ओळ असते आणि तिचे मी पैसे लावतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माणसाचा डोळा इतका तयार असताना हा उपद्व्याप कशाला?

रबरी रिंगा तपासणारं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. आठ बायका, वर ट्यूबलाइट. प्रत्येकीने रिंग दोन बोटांत ताणायची, फिरवायची, चीर किंवा बुडबुडा दिसतो का पाहायचं, आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे टाकायची. आठ तास. या कामाला कुशल म्हणत नाहीत, पण मी स्वतः एकदा बसून पाहिलंय. वीस मिनिटांनी माझे डोळे रिंगेकडे होते आणि मी दुसरीकडेच होतो.

हा माझा आळस नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा सुटायला लागल्या, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनमध्ये एक साधं घड्याळ बनवलं. त्याचा काटा सेकंदाला एक टप्पा पुढे जायचा. मधूनच कधीतरी तो दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, इतकंच काम, दोन तास. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष छापले : पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडते आणि उड्या निसटू लागतात. त्याच्यापुढे बसलेली माणसं कामचुकार नव्हती. ती मुद्दाम निवडलेली, तरुण, इमानी माणसं होती.

याहून मला अस्वस्थ करणारा प्रयोग जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. पडद्यावरच्या पसाऱ्यात एक ठरावीक वस्तू शोधायची. ती निम्म्या वेळा असेल तर माणसं सुमारे ७ टक्के वेळा चुकतात. तीच वस्तू शंभरात एकदाच असेल तर चूक ३० टक्क्यांवर जाते. वस्तू तीच, डोळे तेच. फक्त ती क्वचित आहे, म्हणून दिसत नाही. आता हे कारखान्याला लावून बघा. आपल्या लोकांनी वीस-पंचवीस वर्षं घाम गाळून रिजेक्शन खाली आणलं. पूर्वी शंभरात पाच नग खराब निघायचे, आता दहा हजारांत एखादा निघतो. म्हणजे कारखाना जितका सुधारला, तितका त्याचा तपासनीस आंधळा होत गेला. आणि गाडीच्या ब्रेकमध्ये जायचा असतो तो नेमका हाच एखादा नग.

कॅमेरा कंटाळत नाही, हे त्याचं मोठेपण. पण तो मूर्ख असतो, हेही तितकंच खरं. गणित करून बघू. दहा हजार नगांत एक खराब. कॅमेरा तो एक पकडतो, पण शंभर चांगल्यांमागे एका चांगल्यालाही उगाच बाद करतो. लाल खोक्यात जमले एकशे एक नग. त्यांतले शंभर निर्दोष. मालक चिडतात, "हे तुमचं मशीन की सावत्र सासू?" त्यांना मी सांगतो, काल तुमच्या माणसाला दहा हजारांत एक शोधायचा होता, आज एकशे एकात एक शोधायचाय. ते त्याला जमतं. एकशे एक नग म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचं काम, तेवढा वेळ नजर टिकते.

त्या आठ बायकांचं काय झालं, हे व्यासपीठावरून बोलताना गाळायची पद्धत आहे. दोघी लाल खोक्यावर बसल्या, आणि त्यांतली एक आज माझ्या इंजिनिअरपेक्षा चांगली काच पुसते व दिवा ढळला तर सांगते. तिघी पॅकिंगला गेल्या. उरलेल्या तिघींचं कंत्राट पुढच्या महिन्यात वाढवलं नाही. मी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "तुम्हीच हिशेब मांडला होता की." मांडला होता. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर, 'गुंतवणूक वसुलीचा काळ' या मथळ्याखाली.

आता कॅमेऱ्याचा जो फायदा माहितीपत्रकात कोणी छापत नाही, त्याबद्दल. कॅमेरा लावायचा तर त्याला आधी खराब नग दाखवावे लागतात. मी मागितले की पहिलं उत्तर ठरलेलं : "आमच्याकडे खराब माल निघतच नाही." बरं, मग कॅमेरा कशाला हवाय? मग हळूच टेबलाखालचं खोकं पुढे येतं. त्यातला एकेक नग मी टेबलावर मांडतो आणि प्रॉडक्शनवाले व क्वालिटीवाले यांना एकाच खोलीत बोलावतो. पहिल्या दहा मिनिटांत भांडण सुरू होतं. हा डाग चालतो. नाही चालत. मागच्या महिन्यात चालवला होता. कोणी चालवला? सही दाखवा.

मी गुपचूप आणखी एक गोष्ट करतो. तीस नगांना मागून बारीक नंबर घालतो आणि तेच नग त्याच तिघा तपासनिसांकडून सकाळी आणि दुपारी तपासून घेतो. सकाळी नापास झालेला नग जेवणानंतर पास होतो. हा उद्योग माझा नव्हे. इंजेक्शनच्या बाटल्यांसाठी ज्युलियस नॅप आणि हॅरॉल्ड कुशनर यांनी १९८० साली तो शास्त्रशुद्ध केला. युरोपच्या औषधसंहितेत बाटली तपासायची रीत अगदी सविस्तर दिली आहे : २००० ते ३७५० लक्स उजेडात, पाच सेकंद पांढऱ्या पाटीपुढे, पाच सेकंद काळ्या पाटीपुढे. इतकं बांधूनही तीच बाटली तोच माणूस कधी बाद करतो, कधी सोडतो. नॅप म्हणाले, मग बाटली चांगली की वाईट असं विचारूच नका. ती दहा वेळांत किती वेळा बाद होते ते विचारा. दहांत सात किंवा जास्त वेळा बाद होणाऱ्या बाटल्या वेगळ्या काढा, आणि त्या बाद करण्यात यंत्र माणसापेक्षा कमी पडत नसेल तरच यंत्र घ्या. यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून आधी माणसाची घेतली, आणि माणूस काय करत होता हे तेव्हा पहिल्यांदा कागदावर आलं. भोसरीत मी बसवलेल्या निम्म्या कॅमेऱ्यांचा खरा फायदा तिथेच झाला, कॅमेऱ्याचा खोकाही उघडायच्या आधी. डाग किती मिलिमीटरचा चालतो, हे त्या खोलीत ठरलं आणि कागदावर सही झाली.

काय चालतं हे ठरवायचा प्रश्न फक्त लोखंडाचा नाही. वाण्याकडच्या तांदळाच्या पोत्यावर 'सॉर्टेक्स' लिहिलेलं असतं. पुष्कळांना ती तांदळाची जात वाटते. ते मुळात लंडनच्या एका यंत्रकंपनीचं नाव, आणि आता धान्यबाजारात ते निवडलेल्या मालाचं सामान्यनाम होऊन बसलंय. उताराच्या पन्हळीतून दाणे घसरत येतात, दोन्ही बाजूंचे कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात, आणि रंग बिघडलेला दाणा पन्हळीखाली हवेत असतानाच वाऱ्याच्या एका फुंकरीने बाहेर उडतो. आजीच्या सुपाचंच काम, फक्त ताशी टनांत. पण रंग बिघडलेला म्हणजे कोणता? जुना तांदूळ किंचित पिवळसर असतो, आणि भात मोकळा व्हायला आपल्याला तोच हवा असतो. यंत्राला पांढरं तेच चांगलं असं सांगितलं तर ते जुन्याला कचरा समजणार. आणि काही गोष्टी त्याला सांगूनही दिसत नाहीत. हापूसमधला साका बाहेरून कळत नाही. साल सोनेरी, वास घमघमीत, आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट. साध्या कॅमेऱ्याला तिथे काही करता येत नाही, त्याला क्ष-किरणांसारखं आत शिरणारं काहीतरी लागतं. साका निघालेला आंबा कॅमेऱ्याच्या नावाने परत करू नका, एवढीच विनंती.

नगांवरून माणसांकडे वळतो. मराठीत 'नग' हा शब्द माणसालाही लावतात, पण तो सहसा कौतुकाने नाही.

दुकानात किती माणसं आली, हे मोजण्याची जुनी रीत म्हणजे दाराशी उभा असलेला वॉचमन आणि त्याच्या मुठीतला क्लिकर. गर्दीत तो विसरायचा आणि संध्याकाळी अंदाजाने दाबून आकडा पुरा करायचा. मग दाराच्या दोन बाजूंना अदृश्य किरणाची दोरी आली. दोघं खांद्याला खांदा लावून आले तर ती एक मोजायची, आणि दारात उभं राहून फोनवर झुलणारा एकटा तिला पंचवीस वाटायचा. आता कॅमेरा दाराच्या वर, छताला, सरळ खाली बघत बसवतात. त्यात दोन भिंगं असली तर आपल्या दोन डोळ्यांसारखी खोली कळते, म्हणजे डोकं जमिनीपासून किती वर आहे ते कळतं. मजल्यावर एक रेघ कल्पायची. डोकं ती ओलांडून आत गेलं की एक आत, बाहेर गेलं की एक बाहेर.

फायदा काय? बिलं किती फाटली हे दुकानदाराला माहीत असतं. न घेता किती परत गेले, हे माहीत नसतं. एका कापड दुकानात आम्ही तासागणिक आकडे मांडले तेव्हा दिसलं की रविवारी सगळ्यांत जास्त माणसं दीड ते अडीच या वेळात येतात आणि बिलं त्याच तासात सगळ्यांत कमी. कारण निम्मा स्टाफ जेवायला. (दुकान पुण्यातलं होतं; विनोद तुमचा तुम्ही करून घ्या.) सुट्टी दोन पाळ्यांत वाटली. मालकांना वीस वर्षं वाटत होतं की दुपारी गिऱ्हाईक नुसतं बघायला येतं.

आकड्याशिवाय दुसरंही काही कॅमेऱ्यात येतं. पॅको अंडरहिल या अमेरिकी अभ्यासकाने आपल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स दुकानातली गोष्ट सांगितली आहे. कॅमेरा लावला होता दारावर, लोक दारातून कसे येतात ते बघायला. चौकटीच्या एका कोपऱ्यात योगायोगाने टायचा स्टँड आला. लोक टाय बघायला थांबत, आत येणाऱ्यांचा मागून धक्का लागे, पुन्हा लागे, आणि ते टाय सोडून निघून जात. स्टँड वाटेतून बाजूला घेतल्यावर विक्री वाढली. टाय खराब नव्हते, महाग नव्हते. जागा चुकली होती, आणि हे दुकानातल्या एकालाही दिसलं नव्हतं.

पण परदेशी सॉफ्टवेअर जसंच्या तसं आपल्याकडे चालत नाही. त्याचा लाडका आकडा म्हणजे कन्व्हर्जन : शंभर आले, किती जणांनी घेतलं. आता लग्नाचा बस्ता बांधायला माणसं येतात तेव्हा काय होतं? वधूची आई, वराची आई, दोन माम्या, एक आत्या, जिच्याशिवाय काही ठरत नाही ती थोरली बहीण, आणि गाडी चालवणारा एक भाऊ. सात माणसं, साडेतीन तास, एक बिल. सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवतं : सहा गिऱ्हाइकं हातातून गेली. दुकानदाराच्या दृष्टीने तो महिन्यातला सर्वांत मोठा दिवस. म्हणून आम्ही एकत्र आत शिरणाऱ्यांचा एक घोळका धरतो. घोळका किती वेळाच्या अंतरात मानायचा यावर पुन्हा वाद, आणि पुन्हा ते दुकानदारालाच ठरवावं लागतं. कारण गाडी लावून मागून येणारा भाऊ दहा मिनिटांनी येतो.

चेहऱ्यांबद्दल माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. मोजायला चेहरा लागत नाही. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला डोकी आणि खांदे पुरतात, मोजणी कॅमेऱ्यातच होऊ शकते आणि बाहेर फक्त आकडा जातो. चित्र साठवायचीही गरज नसते. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण मला हे त्याआधीही पटलेलं होतं. एका मालकांनी विचारलं होतं, कामगार बाथरूमला किती वेळा जातात ते याच कॅमेऱ्याने कळेल का? कळेल. मी ते काम घेतलं नाही. दुसऱ्या कोणीतरी घेतलं असेल.

शेवटी एक दुकान सांगतो आणि थांबतो. जुन्या पद्धतीचं साड्यांचं दुकान. पांढऱ्या गाद्या, दाराशी चपला काढायच्या. कॅमेरा बसवल्यावर आम्ही चाचणी घेतली. माझा मुलगा क्लिकर घेऊन बसला, कॅमेरा वरून मोजत होता, आणि दुकानातले जुने दिवाणजी म्हणाले, "मीही मोजतो." ते जागचे हललेही नाहीत. दुपारी आकडे जुळवले तर तीन वेगळे. क्लिकर सगळ्यांत जास्त, कॅमेरा सगळ्यांत कमी, दिवाणजी मधे.

दिवाणजी चपलांचे जोड मोजत होते. कडेवरच्या मुलांना चपला नव्हत्या, म्हणून ती त्यांच्याकडून सुटली. कॅमेऱ्याला आम्ही साडेतीन फुटांची मर्यादा घातली होती, म्हणून त्याच्याकडून चालणारी लहान मुलंही सुटली. माझ्या मुलाने सगळीच धरली. मी मालकांना विचारलं, तुम्हाला कोणता आकडा हवा? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ज्याला चहा सांगावा लागतो ते गिऱ्हाईक." साडेतीन फूट कायम राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, मुलांना आम्ही सरबत देतो. ते वेगळं मोजता येईल का?"